इंजिनाला एरंडेल

दोरी अकराव्यांदा ओढली तेव्हा इंजिन एकदा खोकलं. बाराव्यांदा तेवढंही नाही.

मे महिन्याचा शेवट. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण जलाशयाचं पाणी आत्तापासूनच नव्या पत्र्यासारखं डोळ्यांवर येत होतं. काठावर नारंगी रबरी बोट, तिच्या मागच्या फळीला अडकवलेली पंचवीस अश्वशक्तीची मोटर, लाइफ जॅकेट घातलेली पाच-सहा पोरं आणि त्यांच्यापेक्षा जास्त बघे. पावसाळ्याआधीची रंगीत तालीम होती. दोरी ओढणारा पोरगा घामानं निथळत होता. शेवटी त्यानं वरचं झाकण काढलं, प्लग खोलला आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला. प्लगच्या टोकाला तांबूस भुकटी होती.

"ताई, मागच्या पावसाळ्यात एकदम झकास चालली होती ही," तो म्हणाला. "त्यानंतर कुणी हातसुद्धा लावला नाही बगा."

त्याला वाटत होतं तो इंजिनाची बाजू मांडतोय. माझ्या मते तो कबुलीजबाब होता.

ही बोट कुठल्या तालुक्याची, कुठल्या खात्याची, ते लिहीत नाही. अशी गत झालेली ती एकटीच नाही, आणि मला खातं पकडायचं नव्हतं, गंज पकडायचा होता. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला होता 'साठवण'. पाण्याची साठवण, धान्याची साठवण, आठवणींची साठवण यांवर माझ्याहून चांगले लिहिणारे आहेत. मी म्हटलं, आपण इंजिनाची साठवण बघू. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

आजीची तूर

बीड जिल्ह्यातल्या केजजवळच्या आमच्या गावी आजी तूर साठवायची ती तीन पायऱ्यांत. आधी उन्हात कडक वाळवायची, इतकी की दाताखाली दाणा टचकन फुटला पाहिजे. मग हाताला एरंडेल चोपडून दाण्यांवरून फिरवायची, दाणा चमकायला लागेपर्यंत. मग डब्यात भरून झाकण घट्ट. ओल काढा, तेल लावा, हवा तोडा. पुढच्या पावसाळ्यात डबा उघडला तर किडा नाही, बुरशी नाही.

गंमत म्हणजे इंजिन साठवण्याचं सगळं शास्त्र याच तीन वाक्यांत बसतं. एवढंच काय, इंजिन ऑइल आणि एरंडेल यांचं नातंही जुनं आहे. चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज व्यापाऱ्यानं 1909 मध्ये आपल्या नव्या मोटर ऑइलात एरंडेल मिसळलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, म्हणजे कॅस्टरवरून, त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमानं शुद्ध एरंडेलावर उडत. त्या धुराचा वैमानिकांच्या पोटावर काय परिणाम होत असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारावं.

दुष्काळी जिल्ह्याला होडी कशाला?

बीड म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे चित्र साऱ्या देशानं पाहिलं. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात ते धरण भरलं, ते मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला गेवराई, माजलगाव, परळी हे तालुके गोदावरीला खेटून आहेत. मधून सिंदफणा वाहते, तिच्यावर माजलगावचं धरण आहे, आणि त्याच धरणात पैठणच्या उजव्या कालव्याचंही पाणी येतं. बीड शहराच्या पोटातून बिंदुसरा जाते, आष्टीच्या कडेनं सीना. दहा महिने या नद्यांच्या पात्रात शेळ्या चरतात. मग एका रात्रीत बालाघाटाच्या डोंगरावर ढग मोकळा होतो.

सप्टेंबर 2025 मध्ये तेच झालं. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली तुकडी, पाचवी बटालियन, पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. राज्याचं दल धुळ्याला आणि नागपूरला. पाऊस कोसळत असताना, रस्ते तुटलेले असताना तिथून सिंदफणेच्या काठावर पोचायला किती तास लागतात याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. तोवरचे तास स्थानिक बोटीचे असतात. ती चालू झाली नाही तर थर्माकोलचा चप्पू आहेच. आमच्याकडे अजूनही काही गावांत पोरं शाळेला आणि बाया शेताला त्याच्यावर बसून जातात.

म्हणजे या मोटरीचं काम वर्षाला चार दिवसांचं. उरलेले तीनशेसाठ दिवस ती पत्र्याच्या गोदामात उभी. कोकणात हेच यंत्र रोज समुद्रात जातं आणि मिठाचा मारा खाऊनही वर्षानुवर्षं टिकतं. बीडमध्ये गोड्या पाण्यात चार दिवस चालून ते गंजतं. हे कोडं मला सोडवून दिलं ते होडी कधी न वल्हवलेल्या एका माणसानं.

नव्वद नंबर, टूटी आणि डब्यावरची अक्षरं

मिस्त्रीमामांचं दुकान फाट्यावर आहे. वर पत्रा, त्यावर लिंबाची सावली, खाली तेलानं काळी झालेली जमीन. मोटरसायकली, फवारणीचे पंप, कडबा कुट्टी, जे येईल ते. रंगीत तालमीतलं ते इंजिन शेवटी पोरांनी जीपमध्ये घालून त्यांच्याकडेच आणलं, कारण आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवायची मोटर, दुरुस्त करणारा माणूस जवळपास कुणाला माहीत नव्हता. मामांनी त्याला आधी एक चक्कर मारली, बैल विकत घेताना मारतात तशी.

"पानी लागलं म्हनून न्हाई मेलं हे," ते म्हणाले. "उभं ऱ्हाऊन मेलंय. आमच्याकडं समदी इंजिनं उभं ऱ्हाऊनच मरतेत."

त्यांना हे कळायचं कारण ऊस. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जिल्ह्याबाहेर निघतात, लाखांनी. कित्येकांच्या मोटरसायकली घरी राहतात, ओसरीत, नाहीतर गोठ्यात कडब्याच्या आडोशाला. चैत्रात, वैशाखात माणसं परततात, किक मारतात, आणि मामांच्या दुकानापुढे रांग लागते. चार-पाच महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या पोटात काय काय होतं हे त्यांनी शेकड्यांनी उघडून पाहिलंय.

त्यांनी पोराला पहिला प्रश्न विचारला तो ऑइलचा. पोरगा म्हणाला, टूटी टाकलंय की, चांगलं महागातलं, मोटरसायकलच्या दुकानातनं. मामांनी नुसतं हं केलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वेगळी तेलाची टाकी सहसा नसते. पेट्रोलमध्येच ऑइल, म्हणजे टूटी, मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर आत जातं, बेअरिंगला, पिस्टनला लागतं आणि जळून जातं. लुना चालवलेल्या पिढीला हे सांगायला नको. पण लुनाचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, तापतं भरपूर. त्याच्या ऑइलात त्या उष्णतेत काम करणारी, धातूंची संयुगं असलेली द्रव्यं असतात, आणि ती जळल्यावर किंचित राख ठेवतात. आऊटबोर्ड मोटर नदीचं पाणी ओढून स्वतःला थंड करते. ती मोटरसायकलच्या मानानं गारच चालते आणि तरी तासन् तास पूर्ण जोरात. त्या गारव्यात ती राख पुरती बाहेर पडत नाही. प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचेत बसते. रिंग चिकटली की दाब गेला. म्हणून या मोटरींसाठी राख न सोडणारं ऑइल वेगळं बनतं आणि त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री अशी अक्षरं असतात. अमेरिकेतल्या जलयान उत्पादकांच्या संघटनेचं ते प्रमाण आहे. दोन्ही डबे दिसायला सारखे, दोन्हींवर टूटी लिहिलेलं. फरक त्या अक्षरांत.

प्रमाण बहुधा पन्नासाला एक: लिटरभर पेट्रोलला 20 मिली, पाच लिटरच्या कॅनला 100. "जास्ती टाकलं तर जास्ती बरं" हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. माझ्या वडिलांनी एकदा फवारणीच्या पंपात टूटी संपलं म्हणून विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं चाळीस नंबर ऑइल टाकलं, आणि तेही अंदाजपंचे. पंपानं असा धूर काढला की शेजारच्या शेतातली माणसं विझवायला धावत आली. प्लग काढला तर त्यावर डांबर.

नव्या, चार स्ट्रोकच्या मोटरींत ऑइल वेगळं भरतात, गाडीसारखं. तिथे लोक सरळ गाडीचंच ऑइल ओततात. ते अगदीच विष नाही, पण पुरेसंही नाही. गाडीचं इंजिन हायवेवर निम्म्या ताकदीनं चालतं. होडीचं इंजिन मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांवर रेटत असतं. पाण्यामुळे गार राहत असल्यानं न जळलेलं पेट्रोल आणि बाष्प ऑइलात उतरतं. म्हणून इथल्या ऑइलाला गंज रोखण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झालेल्या डब्यावर एफसी-डब्ल्यू लिहितात. दहा-डब्ल्यू-तीस की दहा-डब्ल्यू-चाळीस यावर दुकानात जोरजोरात वाद होतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. त्रेचाळीस अंशांच्या बीडमध्ये पहिल्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा मोटरीच्या पुस्तिकेत बघा आणि घ्या. कंपनी कोणतीही चालेल, अक्षरं चुकता कामा नयेत.

मग मामा खाली वाकले. पाण्यात बुडणाऱ्या लांब पायाच्या तळाशी, पंख्याजवळ, गिअरची पेटी असते. तिला दोन स्क्रू, एक खाली, एक वर. त्यांनी खालचा सोडला. आतून नव्वद नंबरचं काळसर-सोनेरी ऑइल यायला हवं होतं. आला दुधाळ चहा.

"ह्यो बगा," ते म्हणाले. "पानी शिरलंय. सील गेलंय."

पंखा काढला तर त्याच्यामागे मासेमारीच्या जाळ्याची नायलॉनची तार दांड्याला करकचून बसली होती. कुठल्याशा पुरात गुंडाळलेली. तिनं सील कापलं, पाणी आत गेलं, आणि मग ते इंजिन तसंच, पोटात पाणी घेऊन, आठ महिने गोदामात उभं राहिलं. तार काढायला मामांना सात मिनिटं लागली.

आपलाच ऊस, आपलंच पेट्रोल

कार्बोरेटर उघडला तेव्हा मात्र ते गप्प झाले. तळाच्या वाटीत हिरवट-पिवळा डिंक आणि त्याच्याखाली पांढरी बुरशीसारखी पूड. जेटचं भोक, ज्यातून सुई कशीबशी जाते, ते पार बुजलेलं.

पेट्रोल उभं राहिलं की त्याचा हलका भाग उडून जातो आणि डिंक उरतो, हे जुनंच दुखणं. नवी भर इथेनॉलची. जून 2022 मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, 2025 मध्ये वीस टक्क्यांचा. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं. उभ्या टाकीत त्याचा स्वभाव बाहेर येतो. इथेनॉल हवेतली ओल पितं. पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. नळी तळातूनच निघते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो याच मिश्रणाचा, ज्यात टूटी ऑइल जवळजवळ नसतंच. बहुतेक आऊटबोर्ड मोटरींच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं म्हटलेलं असतं. पंपावर मिळतं त्यात त्याच्या दुप्पट.

आता ही साखळी बघा. बीडची टोळी दिवाळीला घर सोडते, सांगलीच्या नाहीतर कोल्हापूरच्या फडात ऊस तोडते. त्या उसाच्या मळीचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळून टँकरनं परत बीडला येतं, आणि तोडणाऱ्याच्या ओसरीतल्या मोटरसायकलचा कार्बोरेटर बुजवतं. मामांना मी हे सांगितलं. ते मान डोलावून म्हणाले, "म्हंजे माझं दुकान उसावरच चाललंय म्हना की."

जस्ताचा बळी

पायाच्या तळाशी, पंख्याच्या वर, राखाडी रंगाचा एक ठोकळा स्क्रूनं बसवलेला होता. पोरगा अभिमानानं म्हणाला, "हा मात्र अजून नवाकोरा आहे." वाईट बातमी तीच होती.

मोटरीचं शरीर अॅल्युमिनियमचं, दांडा स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून पाण्यात बुडवले की त्यांची आपोआप विजेरी होते, आणि दोघांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. इथे तो अॅल्युमिनियम. म्हणून त्याच्याहूनही चटकन झिजणारा एक तुकडा मुद्दाम जोडतात; गंज आधी त्याला खातो. हंफ्री डेव्हीनं 1824 मध्ये इंग्रज आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा असाच वाचवला होता. पत्रा वाचला, पण विरघळणारं तांबंच नसल्यानं जहाजाच्या तळाला शिंपले नि शेवाळ चिकटायला लागलं आणि आरमारानं ती युक्ती सोडून दिली. चांगल्या कामाचंही असं होतं कधीकधी.

तर हा तुकडा झिजायलाच हवा. खडबडीत, खड्डे पडलेला असेल तर तो कामावर आहे. निम्मा उरला की बदलायचा. समुद्रासाठीच्या मोटरींना तो सहसा जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि तो झोपी जातो, नवाकोरा दिसत राहतो, आणि इकडे मोटरीचा पाय कुरतडला जातो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा हवा, निदान अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि त्याच्यावर रंग कधीच मारायचा नाही. या ठोकळ्यावर मात्र कुणीतरी हौसेनं राखाडी रंगाचा हात फिरवला होता.

कोकणातलं कोडं इथे पुरतं सुटलं. हर्णैच्या एका ओळखीच्या खलाशाला मी फोन लावला. 1 जूनला पावसाळी बंदी लागली की होडी वर ओढून शाकारतात आणि मशीन घरी आणतात, तो म्हणाला. आणल्या आणल्या पहिलं काम, तिला पिंपात उभी करून गोडं पाणी पाजायचं. "तुमच्याकडे तर आधीच गोडं," तो हसला, "तुम्ही कशाला पाजाल?" नेमकं हेच. मिठाला घाबरणारा माणूस रोज काळजी घेतो. गोड्या पाण्याला कुणी भीत नाही. पण पुराचं पाणी कसलं गोडं? त्यात काळ्या रानाचा गाळ असतो, गावाची गटारं असतात, शेतातून धुऊन आलेली खतं असतात. तो गाळ थंडाव्याच्या नळ्यांत वाळला की विटेसारखा बसतो.

पिंपातला पाऊण तास

इंजिन चालू झालं ते तिसऱ्या दिवशी. नवं सील, नवे प्लग, साफ केलेला कार्बोरेटर, आणि पाणी ओढणारा रबरी इम्पेलर; त्याच्या पाकळ्या एकाच जागी दबून राहून कायमच्या वाकल्या होत्या. मामा म्हणाले, आता परत ठेवायची कशी तेही बघून घ्या, न्हाईतर पुढच्या वर्षी हाये तसंच.

दोनशे लिटरचं पिंप, त्यावर आडवी फळी, फळीला मोटर. पंखा काढलेला. पाणी पायाच्या जाळीच्या वर. पाण्याबाहेर हे इंजिन मिनिटभरही चालवायचं नाही, इम्पेलर जळतो. दोरी दुसऱ्याच ओढीला लागली आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडाली. पाणी आत खेळतंय याची तीच खूण. धार आधी गढूळ, मग चहासारखी, दहाएक मिनिटांनी नितळ.

मग त्यांनी पेट्रोलची नळी काढली. आतलं पेट्रोल संपत आलं तसा आवाज चढायला लागला. हा क्षण धोक्याचा. पेट्रोल संपतं म्हणजे दोन स्ट्रोकच्या इंजिनाचं ऑइलही संपतं. नेमक्या त्याच वेळी मामांनी कार्बोरेटरच्या तोंडात ऑइलचा फवारा सोडला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, लिंबावरची साळुंकी उडाली, आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. आत सगळीकडे ऑइलचा पातळ थर बसला. मग वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढलं, प्लग खोलून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं, दोरी दोनदा अलगद ओढली, प्लग परत लावले. गिअरच्या पेटीत नवं नव्वद नंबर खालच्या भोकातून दाबत वर चढवलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. वरून भरलं तर आत हवा अडकते.

चार स्ट्रोकचं असतं तर इंजिन ऑइल कधी बदलायचं, मी विचारलं. ठेवताना, काढताना नाही. वापरलेल्या ऑइलात ज्वलनाचं आम्ल आणि ओल असते. ते आठ महिने बेअरिंगवर बसवून ठेवायचं आणि मग नवं भरायचं यात काय राम? तरी हे ऐकून पोरगा चपापला. सगळीकडे उलटंच चालतं.

शेवटी मोटर लाकडी घोडीवर उभी केली. आडवी टाकली तर पायातलं पाणी वर सिलिंडरकडे येतं. वरून जुनं धोतर, प्लॅस्टिक नाही. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. भोकांत चिंध्या, कारण कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते आणि पुढच्या वर्षी पाण्याची धार कुठे गेली म्हणून आपण डोकं खाजवतो. सगळं मिळून पाऊण तास. सामानाचा खर्च एका जेवणावळीच्या पंगतीतल्या दोन पानांएवढा.

आपल्याकडे अवजारांचा दिवस आहेच, खंडेनवमी. कोयता, तिफण, ट्रॅक्टर, आता बोटीचं इंजिनही, सगळ्याला हळदकुंकू लागतं. तो दिवस येतो नेमका पाऊस सरताना, म्हणजे ठेवणीच्याच वेळी. मामा त्या दिवशी दुकानातल्या इंजिनांना हार घालत नाहीत, ऑइल घालतात.

हा अंक हातात पडेल तेव्हा यंदाची खंडेनवमी होऊन गेलेली असेल. हरकत नाही, पहाटेचं दव आत्ता कुठे पडायला लागलंय. गोठ्यात फवारणीचा पंप उभा असेल तर त्याची टाकी आज रिकामी करा, प्लग खोलून आत चमचाभर टूटी सोडा आणि दोरी दोनदा अलगद ओढा. आणि गावातल्या, तालुक्यातल्या गोदामात एखादी नारंगी बोट असेल, तर तिच्या इंजिनाच्या तळाचा स्क्रू शेवटचा कधी उघडला होता, एवढं एकदा जाऊन विचारा.